बाणाच्या घिरट्या

वैजयंतीबाई मगदूम यांना शंका आली की त्या बोलत नसत. पडद्यावरचा त्यांचा माऊसचा बाण शंकेच्या जागेभोवती घिरट्या घालू लागे. एक, दोन, तीन. फारच वाटलं तर पाच. मग बाण पुढे निघे आणि बाई म्हणत, "पुढे."

ही त्यांची भाषा फक्त एका माणसाला कळत होती. दस्तगीर मुजावर मूळचा मिरजेचा, पण नोकरी डोंगरात. बाई सांगलीच्या ऑफिसात बसून रोपवेच्या दोरांचे आलेख वाचत आणि दस्तगीर त्या रोपवेवर देखभालीचं काम बघे. अकरा वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट चारदा झाली असेल, त्यातली एक दस्तगीरच्या मुलीच्या लग्नात.

रोपवेचा दोर नुसत्या डोळ्यांनी तपासून चालत नाही. बाहेरून तो ग्रीस पिऊन गुळगुळीत दिसतो, पण आत शंभराहून जास्त पोलादी तारा एकमेकींना पीळ घालून बसलेल्या असतात आणि तुटायची सुरुवात बरेचदा आतूनच होते. म्हणून दोराभोवती चुंबकांचं एक कडं बसवतात आणि दोर त्यातून सावकाश फिरवतात. तार अखंड असेल तर चुंबकाचा प्रभाव पोलादातल्या पोलादात गुपचूप पुढे जातो. तुटलेली असेल तर तो त्या जागी थोडासा बाहेर सांडतो आणि आलेखावर एक टोक उमटतं. टोक म्हणजे तुटलेली तार. निदान बहुतेक वेळा. कधी ते ग्रीसमध्ये अडकलेला लोखंडाचा कीसही असतं. खरं टोक कुठलं आणि खोटं कुठलं, हे ओळखण्यात बाईंची सत्तावीस वर्षं गेली होती.

अडचण अशी होती, की तपासणीच्या फॉर्मवर चौकोन दोनच होते. 'योग्य' आणि 'अयोग्य'. ज्याने कुणी तो फॉर्म केला त्याला आयुष्यात कधी शंका आली नसावी. 'अयोग्य' लिहिलं की रोपवे बंद, आणि बंद का झाला याचं उत्तर लिहिणाऱ्याने द्यायचं.

नऊ वर्षांपूर्वी बाईंनी एकदा तसं लिहिलं होतं. दुसऱ्याच एका डोंगरावरचा रोपवे दोन दिवस बंद राहिला. दोर उघडला तर आत काही नाही. ग्रीसचा वाळलेला गोळा. त्यावर तेव्हाच्या साहेबांनी भर बैठकीत म्हटलं, "मगदूम मॅडमच्या स्वप्नात तारा तुटतात, आपण जरा जपून वागायला हवं." सगळे हसले. हसण्यासारखंच होतं म्हणा. बाईही हसल्या आणि त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला. खात्री असेल तेच लिहायचं, खात्री असेल तेच बोलायचं.

पण हात ऐकत नाही ना. तोंड बंद झालं तेव्हापासून बाण फिरायला लागला. तेव्हा त्या डोंगरावर कामाला असलेल्या आणि तो वाळलेला गोळा उकरून काढणाऱ्या दस्तगीरच्या ते लक्षात आलं. बाण जिथे फिरला तो मीटर तो हातावर पेनाने लिहून ठेवी. दुसऱ्या दिवशी पहाटे, पाळणे सुरू होण्याआधीच्या देखभालीच्या तासात, तेवढा दोर खालच्या स्टेशनात आणून त्यावर धोतराचं जुनं मऊ कापड गुंडाळी आणि दोर हळू सरकवी. तार तुटलेली असली की कापडाचा धागा अडकतो. अडकला तर तो रीतसर कळवी. नाही अडकला तर कुणाला काही सांगायचा प्रश्नच नव्हता. याबद्दल दोघं एकमेकांशी कधी एक शब्द बोलले नव्हते. नियमात न बसणारी पण दोर शाबूत ठेवणारी अशी ती पद्धत होती आणि तिच्या भरवशावर सहा वर्षं मानाईच्या डोंगरावरचे पाळणे वर-खाली करत होते.

आता हा बाण सांगलीहून डोंगरावर जायचा कसा, तेही सांगायला हवं.

आपण बैठकीत पडदा शेअर करतो तेव्हा त्याचा सिनेमा पलीकडे जातो असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आपला संगणक सेकंदात कितीतरी वेळा पडद्याचं चित्र टिपतो, त्याचे लहान लहान चौकोन पाडतो, प्रत्येक चौकोन आधीच्या चौकोनाशी ताडून बघतो, आणि जे बदलले असतील तेवढेच पाठवतो. न बदललेलं पलीकडच्या यंत्राकडे असतंच. आलेख वर सरकवला तर सगळं चित्र पुन्हा पाठवायचीही गरज नाही. 'आहे तेच इतकं वर घे' एवढा निरोप पुरतो. आणि बाण? तो त्या चित्रात नसतोच मुळी. तो सारखा हलणारा. त्याला चित्रात धरलं तर तो जाईल तिथले चौकोन उगाच पुन्हा पुन्हा धाडावे लागतील. म्हणून त्याचे फक्त दोन आकडे जातात. किती आडवा, किती उभा. पलीकडचं यंत्र त्या जागी स्वतःच एक बाण काढतं. बाईंची नऊ वर्षांची शंका डोंगरावर पोचायची ती अशी, दोन-दोन आकड्यांनी.

मानाईच्या डोंगरावर टॉवर एकच. वारा सुटला की लाईन धाप टाकायची, बाण अडखळायचा, उड्या मारायचा आणि बैठक तासावर जायची. म्हणून जानेवारीत ऑफिसने 'ओघ' घेतलं.

ओघची करामत अशी, की ते हाताची हालचाल पाठवतच नसे; हाताचा हेतू पाठवी. हजारो माणसांचे हजारो तास पाहून ते शिकलं होतं, की बाण असा निघाला की तो अमुक ठिकाणी थांबणार. मग निघाल्याबरोबरच ते पलीकडे कळवी, 'तिथे जातोय', आणि पलीकडचं यंत्र एक सुरेख रेघ मारून बाण तिथे नेऊन ठेवी. हात कापला, मागे-पुढे झाला, एखाद्या जागी रेंगाळला, तर यातून काही निष्पन्न होत नाही म्हणून ओघ ते गाळून टाकी. कॅमेरा हाताची थरथर काढून टाकतो, तसंच. आवाजाचीही तीच गत. बोलण्यातले 'अं', श्वास, थांबणं, सगळं काढून वाक्याला वाक्य जोडलं जाई. बोलणारा पुढे काय करणार हे ऐकणाऱ्याला कधी कधी दोन सेकंद आधी दिसे. बैठका तासाच्या पंचवीस मिनिटांवर आल्या. नवे साहेब अनिरुद्ध वाळिंबे खूश, मुख्यालय खूश. दस्तगीरसुद्धा म्हणाला, "लोण्यासारखं चालतंय की वो!"

बाईंच्या पडद्यावर अर्थातच काही बदललं नव्हतं. आपला बाण आपल्याला जसा फिरतो तसाच दिसतो.

चैत्र पौर्णिमेची मानाईची जत्रा शुक्रवारी होती. त्याआधी मंगळवारी बैठक झाली. वाळिंबे, दस्तगीर, तहसील कचेरीतले एक अधिकारी आणि बाई. चौदाशे मीटरचा दोर, त्याचा लांबलचक आलेख बाई सरकवत होत्या. पाचशे, साडेपाचशे, सहाशे. सहाशे बाराव्या मीटरवर त्या थांबल्या.

तिथे एक टोक होतं. उंच नव्हतं. उलट बुटकं आणि रुंद, पायथ्याशी पसरलेलं. बाहेरची तार तुटली की टोक बारीक आणि उंच येतं. हे तसं नव्हतं. हे ग्रीस असू शकत होतं. किंवा खोल आतून येत असलेलं काही. जानेवारीच्या आलेखात याच जागी त्यांना काहीच खुपलं नव्हतं.

बाण फिरू लागला. एक, दोन, तीन, चार. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. पाच. सहा. इतक्या घिरट्या त्यांनी आजवर घातल्या नव्हत्या. तोंडापर्यंत एक वाक्य आलं आणि साहेबांच्या त्या जुन्या हसण्याला अडखळून परत गेलं. मुजावर बघतोच आहे, त्यांनी मनाशी म्हटलं. उद्या पहाटे कापड लावेल.

"पुढे," बाई म्हणाल्या.

शेवटी त्यांनी 'योग्य'च्या चौकोनात खूण केली. बैठक तेवीस मिनिटांत संपली.

बुधवारी संध्याकाळी साडेपाचला त्या जेवायला बसल्या. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा घरचा नेम आणि नागपूरची त्यांची मुलगी ऋजुता नेमकी त्याच वेळी व्हिडिओ कॉल करी, म्हणजे आई एकटी जेवत नाही. ओघ एव्हाना घरच्या फोनांतही आलेलं होतं.

"आई, ओवीचा फॉर्म भरला बरं का," ऋजुता म्हणाली. "निवासी शाळेचा. जूनपासून."

बाईंचा घास हातातच राहिला. नात आठ वर्षांची. रात्री पाय पोटाशी घेऊन झोपणारी. "भरलास?"

"तुला विचारूनच भरला की. मागच्या रविवारी विचारलं, तर तू पटकन म्हणालीस, 'बरं आहे.' मला वाटलं होतं तू जरा घुटमळशील. मी म्हटलंसुद्धा यांना, आई हल्ली किती मोकळी झालीये. काहीही विचारा, लगेच हो. पूर्वी कसं, तू गप्प राहिलीस की मी ओळखायचे, की हिला पटलेलं नाही."

"मी पटकन म्हणाले?"

"हो! माझं वाक्य संपलं न संपलं तोच."

बाईंना तो रविवार लख्ख आठवत होता. ऋजुताने विचारलं होतं आणि त्या बोलल्याच नव्हत्या. आमटीच्या वाटीच्या काठावरून बोट फिरवत बसल्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी इतका वेळ. आणि मग, आईने मुलीच्या संसारात किती बोलावं असं वाटून, 'बरं आहे' म्हणाल्या होत्या. तो सगळा गप्प राहण्याचा वेळ कुणीतरी मधून कापून घेतला होता.

कुणीतरी कशाला? त्यांना कळलं कुणी ते. आणि पाठोपाठ दुसरी गोष्ट कळली, मंगळवारच्या बाणाची.

"ऋजुता, मी तुला नंतर करते," म्हणून त्यांनी कॉल ठेवला आणि उष्ट्या हातानेच दस्तगीरला साधा फोन लावला.

"मुजावर, सहाशे बाराला काय निघालं?"

"कसलं सहाशे बारा, बाई?"

"कालच्या बैठकीतलं. आज पहाटे तुम्ही कापड लावलं नाही?"

पलीकडे क्षणभर शांतता. साध्या फोनवरची, खरी शांतता. "बाई, काल तुमचा बाण कुठंच फिरला न्हाई. तीन म्हैने झालं, फिरतच न्हाई. मला वाटलं, दोर चांगला हाय, बाईंचं मन निवांत झालंय."

तर असं होतं. नऊ वर्षांत ज्याच्याबद्दल एक शब्द काढला नव्हता, त्याच्याबद्दल दोघं पहिल्यांदा बोलत होते, आणि बोलत होते ते ती गोष्ट नाहीशी झाल्यावर.

"आता लावता येईल?" बाईंनी विचारलं.

"उद्या सकाळी सहापासनं पालखीची माणसं वर निघणार. जत्रेपायी देखभालीचा तास रद्द केलाय. दोर थांबवायचा तर लेखी आदेश पाहिजे तुमचा. पण बाई, लई शंका हाय का?"

बाईंनी ताटातल्या भाताकडे बघितलं. "सहा वेळा फिरले, मुजावर."

"मग लिवा बाई," दस्तगीर म्हणाला. " मी हाय हितं."

गुरुवारी सकाळी सातला त्यांनी वाळिंबेंना तातडीची बैठक लावायला सांगितली. वाळिंबे तसा भला माणूस. आवाज चढवणाऱ्यांतला नव्हे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, मंगळवारचं रेकॉर्डिंग बघू या का एकदा?"

रेकॉर्डिंग सुरू झालं. पडद्यावर बाईंचा बाण आलेखावरून नाकासमोर चालला होता. पाचशे, साडेपाचशे, सहाशे. सहाशे बारावरून तो असा गेला की जणू तिथे काही नव्हतंच. आणि बाईंचा आवाज, स्वच्छ, ठाम, "पुढे."

"पुन्हा लावा," बाई म्हणाल्या.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. पडद्यावरची ती बाई इतकी खात्रीची होती, की तिच्यापुढे आपलीच आठवण त्यांना खोटी वाटू लागली. फिरले होते का मी खरंच? की कालच्या फोनानंतर तसं वाटतंय? वय झालं आता. स्वप्नात तारा तुटतात.

"ओघने गाळलं असेल," त्या कशाबशा म्हणाल्या. "मूळ हालचाल कुठे मिळेल का?"

"विचारलं मी," वाळिंबे म्हणाला. "ते पाठवतच नाही ना मॅडम, मग ठेवणार कुठे? आपल्याकडे आहे ते हेच. तुम्हीच सांगा, हे बघून मी मुख्यालयाला काय सांगू? खाली दोन हजार माणूस उभा आहे. आणि तुम्ही स्वतः 'योग्य' लिहिलंय."

तो बरोबरच बोलत होता. बाईंच्या बाजूने पुरावा कसलाच नव्हता. होता तो सगळा त्यांच्या विरुद्ध, आणि तोही त्यांच्याच आवाजात. बाण कुणाला दिसणार नाही, गप्प राहिलं तर ते कुणाला ऐकू येणार नाही. आता उरलं होतं फक्त तोंड.

"वाळिंबे," बाई म्हणाल्या, आणि आपला आवाज कापतोय हे त्यांना जाणवलं. कापला तरी ओघ तो सरळ करून पोचवणार, म्हणून त्यांनी शब्द नीट वेचले. "मी मंगळवारी सहाशे बारावर अकरा-बारा सेकंद थांबले होते. ते तुम्हाला दिसलं नाही, हा यंत्राचा दोष. पण मी बोलले नाही, हा माझा. नऊ वर्षं बोलले नाही. आता बोलते. मला शंका आहे. खात्री नाही, शंका आहे. मी 'योग्य' मागे घेते आणि 'अयोग्य' लिहिते. पाळणे थांबवा. काही निघालं नाही तर उत्तर मी देईन."

वाळिंबेने एक सुस्कारा टाकला असावा. तो काही ऐकू आला नाही. "ठीक आहे," एवढंच ऐकू आलं, लगेच.

नऊ वाजता पाळणे थांबले. दस्तगीरने फोन कठड्यावर उभा टेकवला, म्हणजे बाईंना दिसेल. सहाशे बारावा मीटर खालच्या स्टेशनात आणला. ग्रीस पुसलं, कापड गुंडाळलं, दोन्ही हातांनी धरलं आणि आत मोटार चालवणाऱ्याला आवाज दिला, "सोड, हळू!" दोर सरकू लागला. मागे रांगेतली माणसं माना उंच करून बघत होती. नारळ, हळद, कुणाच्या काखेत कोंबडी. कुणीतरी ओरडलं, "अहो, दोर पुसताय का नाचवताय?"

एक धागा अडकला. दस्तगीरने दोर थांबवला, बॅटरी मारून बघितलं, खडूने खूण केली. मग दुसरा. वीतभर अंतरात पाच.

"पाच हायेत बाई."

तेवढ्या लांबीत सहा तारांपर्यंत तुटलेल्या चालतात, असा नियम आहे. पाच म्हणजे नियमात. वाळिंबेने तेच म्हटलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू होतं. "मॅडम, शंका खरी निघाली, आणि दोरही पास झाला. दोघांचंही खरं ठरलं. करू सुरू?"

किती सोपं होतं हो म्हणणं! बाईंचा मानही राहत होता. पण जानेवारीत तिथे काहीच नव्हतं आणि आता पाच होत्या. शिवाय पाच बाहेरच्या तारांनी टोक रुंद होत नाही.

"नियमात बसतं," बाई म्हणाल्या. "माझी शंका मात्र गेलेली नाही. पाळणे अर्ध्या माणसांनी भरा, अर्ध्या वेगाने सोडा आणि जत्रा संपली की तेवढा तुकडा कापून नवा जोडा. फॉर्मवर शंकेला चौकोन नाही. मी समासात लिहिते."

"समासात?"

"समासात. शाई चालते ना अजून?"

त्या जत्रेत लोकांनी तीन-तीन तास रांगेत काढले. रोपवेवाल्यांच्या नावाने शिमगा झाला, गावच्या ग्रुपवर कुणीतरी 'गोगलगायसेवा' असं लिहून पाळण्याचा फोटो टाकला. ज्यांना घाई होती ते सातशे पायऱ्या चढून गेले आणि वर पोचल्यावर म्हणाले की हेच बरं. देवी सगळ्यांना भेटली.

बारा दिवसांनी सांगलीच्या ऑफिसात एक पार्सल आलं. गोणपाटात शिवलेलं आणि आकाराच्या मानाने विलक्षण जड. आत वीतभर दोर होता, दोन्ही टोकांना तारेने आवळलेला, आणि बरोबर दस्तगीरच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी : 'बाई, मी उघडला नाही. तुम्ही उघडा.'

बाईंनी तो तळघरातल्या वर्कशॉपमध्ये नेला, शिकंज्यात धरला आणि एकेक पीळ सोडवत गेल्या. वाळिंबेही उत्सुकतेने खाली आला होता. बाहेरच्या पाच ठाऊकच होत्या. खालच्या थरात, जिथे कापड पोचत नाही आणि डोळाही पोचत नाही, तिथे तुटक्या तारांची टोकं गंजून लाल झालेली होती. बाई पक्कडीने एकेक बाजूला ठेवत गेल्या. चौदा.

वाळिंबेने त्यातली एक उचलली, बोटांत फिरवली आणि परत जागेवर ठेवली. "पूर्ण भारावर तुटला असता?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. आणि खरोखरच माहीत नव्हतं. कदाचित वर्षभर चालला असता. असल्या गोष्टींचं उत्तर कधीच मिळत नाही, आणि मिळालं तर ते कुणाला नको असतं.

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी ऋजुताला साधा फोन लावला. व्हिडिओ नको म्हणाल्या.

"ओवीला पाठवू नये असं मला वाटतं," त्यांनी सांगून टाकलं. "ती फार लहान आहे. निर्णय तुमचा. पण मला विचारलंस ना, तर मला हे वाटतं. त्या दिवशी मी गप्प होते, ते तुला ऐकू आलं नाही."

ऋजुता इतका वेळ बोलली नाही की बाईंना फोन कटला असं वाटलं.

"आई," शेवटी ती म्हणाली, "तू मला कधी 'नको' म्हटल्याचं आठवतच नाही. मीच तुझ्या गप्प राहण्यातून ओळखत आले." मग म्हणाली, "फॉर्मचं काय करायचं ते यांच्याशी बोलून सांगते. पण बरं केलंस."

ओघ काही ऑफिसने काढलं नाही. काढून चालणारही नव्हतं. डोंगरावर टॉवर अजून एकच होता आणि वैशाखात वारे सुटले होते. वाळिंबेने फॉर्मवर तिसरा चौकोन घालायचा प्रस्ताव मुख्यालयाला पाठवला. तो तिथे विचाराधीन होता, म्हणजे कुठल्या तरी फायलीखाली.

पुढच्या तपासणीची बैठक मंगळवारीच आली. तोच दोर, नवीन जोड, नवा आलेख. बाई सरकवत गेल्या. सहाशे बारा आलं. जोडाची ठरलेली, ओळखीची खूण, बाकी स्वच्छ. त्या मनात हसल्या. सातशे. आठशे. नऊशे. नऊशे त्रेचाळीसला एक बारीकसं टोक होतं. बहुधा ग्रीस. बहुधा काहीच नाही. बाण त्याच्याभोवती फिरू लागला. एक, दोन, तीन.

पलीकडे दस्तगीरच्या पडद्यावर तो केव्हाच सरळ पुढे निघून गेला असणार, हे बाईंना ठाऊक होतं.

"मुजावर," त्या म्हणाल्या, "मी इथं फिरतेय. नऊशे त्रेचाळीस."

डोंगरावर वारा होता. तरी आवाज स्पष्ट आला.

"दिसलं, बाई."